महासंघ, राज्यमंडळ की संघराज्य? अमेरिकेच्या पहिल्या घटनेसाठी शब्द

कानामात्रा

अमेरिकेचा १७८१ ते १७८९ चा कारभार मराठीत मांडताना पहिल्याच शब्दाशी अडते. 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' या पहिल्या घटनेला 'महासंघाची घटना' म्हटलेले बरेचदा दिसते आणि १७८७ ची ती 'संघराज्याची घटना'. वाचणाऱ्याला वाटते, आधी काहीतरी थोरले होते, मग ते आटले. नेमका शब्द कोणता? 'रिक्विझिशन' (राज्यांकडे पैसे मागणे) आणि 'रॅटिफिकेशन' (राज्यांनी घटनेला मान्यता देणे) यांनाही चांगले प्रतिशब्द हवे आहेत.

शिरोरेषा

'महासंघ' नकोच. मराठीत महासंघ म्हणजे संघांचा संघ. जिल्ह्याजिल्ह्यांचे दूध संघ आणि त्यांच्या वर राज्याचा महासंघ. 'महा' ऐकले की वरच्याचे वजन जास्त असेच कानाला वाटते. इथे सगळे उलटे होते. 'आर्टिकल्स'च्या कलम २ प्रमाणे प्रत्येक राज्याने आपले सार्वभौमत्व स्वतःकडे राखले, आणि कलम ३ मध्ये या जोडणीला नुसती मैत्रीची जूट म्हटले आहे. काँग्रेसमध्ये, म्हणजे राज्यांच्या मध्यवर्ती सभेत, राज्याने दोन ते सात प्रतिनिधी पाठवायचे, मत मात्र राज्यामागे एकच. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नाही. चाचेगिरीसारखे समुद्रावरचे गुन्हे, समुद्रावर पकडलेल्या जहाजांचे दावे आणि राज्याराज्यांतले तंटे सोडले तर न्यायदानाची सोय नाही. कर बसवायचा अधिकार नाही. युद्ध, तह, कर्ज अशा मोठ्या गोष्टींना तेरापैकी नऊ राज्यांची संमती लागे.

म्हणून 'राज्यमंडळ'. मंडळ म्हटले की सभासद आधी येतात, मंडळ मागून. संच असा लावा: कॉन्फेडरेशन – राज्यमंडळ, फेडरेशन – संघराज्य, युनियन – संघ. तिसरा शब्द आपल्या संविधानाच्या मराठी पाठात पहिल्याच अनुच्छेदात आहे, 'राज्यांचा संघ'. तिथे 'युनियन' का घेतला याचे कारण डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते: हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणाला फुटून निघण्याचा हक्कही नाही. फिलाडेल्फियाच्या परिषदेत झालेल्या १७८७ च्या घटनेचा मजकूर लावताना हे भाषण हाताशी असू द्या.

मोडीवाचक

'राज्यमंडळ'ला दुजोरा. 'राज्यसंघ'ही चालला असता, पण तो शब्द आपल्याकडे मराठा राज्यसंघाने अडवून ठेवला आहे. काळही नेमका तोच, सालबाईचा तह १७८२ चा. वाचकाच्या डोळ्यांपुढे शिंदे-होळकर उभे राहणार. तिथे छत्रपतींच्या नावाने चालणारी सरदारांची सत्ता होती, इथे तेरा राज्यांचा लेखी करार. गल्लत नको.

'आर्टिकल्स'ला 'कलमे' ठेवा, 'अनुच्छेद' नको. तहाची कलमे असतात त्या चालीची ही १३ कलमे आहेत. १५ नोव्हेंबर १७७७ ला काँग्रेसने ती मंजूर केली, पण तेरावी सही, मेरीलँडची, १ मार्च १७८१ ला पडली. पश्चिमेकडच्या जमिनींवरचे व्हर्जिनियासारख्या राज्यांचे दावे सुटेपर्यंत मेरीलँड अडून बसले होते. म्हणून '१७७७ ची घटना' लिहिले तर 'मंजूर' आणि 'लागू' हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतील.

टाचण

रिक्विझिशन: 'कर' चूक, 'वर्गणी'ही चूक. वर्गणी दिली नाही तर देणाऱ्याचे नियमाने काही चुकत नाही. इथे देणे कागदोपत्री बंधनकारक होते, फक्त वसुलीला माणूस नव्हता. काँग्रेसने आकडा काढायचा, राज्यांनी आपापल्या विधिमंडळाचा कर बसवून तो भरायचा. कोणी कमी भरला तर पुढचा उपाय कलमांत नाहीच. मी 'मागणी' घेईन आणि वाटणीसाठी 'हिस्सेरशी'. कलम ८ सरळ हिस्सेरशीचे आहे: राज्यातल्या खासगी मालकीच्या जमिनी आणि त्यांवरच्या इमारती यांच्या किमतीच्या प्रमाणात हिस्सा. ते मूल्यांकन नीट पार पडलेच नाही. १७८३ मध्ये जमिनीऐवजी लोकसंख्या धरावी, त्यात गुलामांची संख्या तीनपंचमांश मोजावी, असा तोडगा निघाला. त्यालाही तेराच्या तेरा संमती मिळाल्या नाहीत.

'इम्पोस्ट'ला 'जकात' लिहू नका. जुन्या मराठीत ते बरोबर आहे, पण आजच्या वाचकाला नगरपालिकेचा जकात नाका आठवतो. 'आयात शुल्क' बरे. शेकडा ५ आयात शुल्काचा प्रस्ताव १७८१ मध्ये आला, तो एकट्या ऱ्होड आयलंडने पाडला. १७८३ मध्ये मुदत २५ वर्षांची करून पुन्हा आणला, तो १७८६ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये अडकला. कारण कलम १३: बदल करायचा तर प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाची मान्यता हवी. सगळी मेख या 'प्रत्येक'मध्ये आहे. भाषांतरात तो 'राज्यांची मान्यता' असा पातळ झाला की पुढचे काहीच कळत नाही.

कानामात्रा

मग १७८७ मध्ये झाले त्याला 'घटनादुरुस्ती' म्हणायचे का?

शिरोरेषा

पाठवले होते दुरुस्तीला. २१ फेब्रुवारी १७८७ च्या ठरावात 'केवळ' कलमांच्या दुरुस्तीसाठी असे शब्द आहेत, तिथे 'दुरुस्ती'च लिहा. फिलाडेल्फियाची परिषद १४ मे ला भरायची होती, सात राज्यांची गणपूर्ती व्हायला २५ मे उजाडला. ३० मे ला राष्ट्रीय सरकार स्थापावे असा ठराव झाला. तिथून पुढे 'दुरुस्ती' हा शब्द सोडा.

त्या ठरावातला 'राष्ट्रीय' जपून वापरा. २० जूनला परिषदेतले एक प्रतिनिधी एल्सवर्थ यांच्या सूचनेवरून तो काढून 'संयुक्त संस्थानांचे सरकार' असा बदल झाला. म्हणजे मे महिन्याच्या मसुद्यात 'राष्ट्रीय' हवा आणि १७ सप्टेंबरच्या सहीच्या पाठात नको.

मोडीवाचक

रॅटिफिकेशन: 'अनुमोदन' अजिबात नको. सभेच्या इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक असतात, अनुमोदन म्हणजे ठरावाला पाठिंबा, तोही मतदानाच्या आधी. इथे पक्क्या झालेल्या कागदाला बाहेरून मान्यता आहे, म्हणून 'अनुसमर्थन'. जड आहे, पण दुसरा तितका नेमका नाही.

ते कोणी केले हेही लिहा. जुन्या कलमांचे विधिमंडळांनी, नव्या घटनेचे खास निवडलेल्या परिषदांनी. अधिकार जाणार होते ते विधिमंडळांचेच, त्यांच्याकडून होकाराची आशा कमी. शिवाय एका विधिमंडळाने दिलेला होकार पुढचे विधिमंडळ मागे घेऊ शकते. आणि तेरांऐवजी नऊ पुरेत असे नव्या घटनेच्या कलम ७ मध्येच घातले, पण बंधन फक्त होकार देणाऱ्या राज्यांवर. जुने कलम १३ मोडले ते इथे.

टाचण

आणखी एक अडचण. त्या काळी 'फेडरल' म्हणजे राज्यमंडळाच्या अर्थाचाच होता. पण मजबूत केंद्र मागणाऱ्यांनीच 'फेडरलिस्ट' हे नाव घेतले आणि जुन्या व्यवस्थेच्या बाजूचे 'अँटी-फेडरलिस्ट' ठरले. ही नावे देवनागरीत तशीच राहू द्या. 'संघवादी' फसवे आहे, आणि 'संघवाले' लिहाल तर वाचक वेगळ्याच शाखेत जाईल.

जुन्या कलम २ मधला 'स्पष्टपणे'ही गाळू नका: काँग्रेसला 'स्पष्टपणे' दिलेले नाहीत ते अधिकार राज्यांचे. उरलेले अधिकार राज्यांकडे ठेवणाऱ्या, नव्या घटनेच्या दहाव्या दुरुस्तीत हा शब्द नाही. १७८९ मध्ये तो घालण्याची सूचना आली होती, ती फेटाळली गेली. दुरुस्त्या मांडणारे मॅडिसनच विरोधात होते. काँग्रेसला बँक काढता येते का, या १८१९ च्या मॅक्युलक खटल्यात होकार देताना सरन्यायाधीश मार्शल यांनी याच उणिवेवर बोट ठेवले. दोन्हीकडे 'स्पष्टपणे' लिहिले तर तो निकालच निराधार होतो.

कानामात्रा

माझ्या मसुद्यात एक वाक्य आहे: 'तेरा राज्यांनी मिळून नवी घटना स्वीकारली आणि वॉशिंग्टन अध्यक्ष झाले.' चालेल?

मोडीवाचक

नाही. नववे अनुसमर्थन न्यू हॅम्पशायरचे, २१ जून १७८८. नवा कारभार ४ मार्च १७८९ पासून. ३० एप्रिलला वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली तेव्हा अकराच राज्ये आत होती. नॉर्थ कॅरोलायना नोव्हेंबरमध्ये आले, ऱ्होड आयलंड २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. 'अकरा राज्यांच्या अनुसमर्थनानंतर' असे करा.