मदत हवी आहे: निवृत्तीनंतरची साधी दुपार कशी भरायची?

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. पैशांची सोय झालीय, प्रवासाचे बेतही आहेत. अडतंय ते एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी. मोठी रजा घेऊन तसं जगून पाहिलं: फिरणं, वाचन, घरकाम उरकलं की अकरा वाजतात आणि पुढे हात रिकामे. तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं, पण वाट पाहणारं कुणी नसलं की ते पाळलं जात नाही. उठायची वेळही पुढे सरकत गेली, त्याची जास्त काळजी वाटते. सकाळच्या उजेडावरच तर शरीराचं घड्याळ लागतं.

नवरा अजून नोकरीत आहे. गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहता येत नाही. छंद सुचवू नका, ते पुष्कळ आहेत.

निवृत्त मंडळींनो, ठरलेल्या वारी, इतरांसोबत करायचं कोणतं काम तुमच्याकडे टिकलं? आणि ते नोकरीत असतानाच सुरू केलं होतं का?