मदत हवी आहे: नेट नसलेल्या वर्गात मराठी बोलणं ऐकवायला व्हिडिओ कसे वापरता?

नमस्कार मंडळी. मी मेळघाटात धारणी तालुक्यातल्या एका जि.प. शाळेवर शिक्षक आहे, तिसरी-चौथी एकत्र. वर्गात मोबाईलला रेंज नाही. लोकवर्गणीतून टीव्ही मिळालाय, पेनड्राईव्ह लागते, लाईन राहिली तर चालतो.

आमचे पोट्टे घरी कोरकू बोलतात, धारणीच्या बाजारात गेले की हिंदी. मराठी कानावर पडते ती शाळेत, आणि तीही बहुतेक माझ्या एकट्याच्या तोंडून. कोरकू मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीच्या नात्यातली, मराठीच्या नाही, त्यामुळे ऐकून ऐकून मराठी आपोआप येईल असं समजून चालत नाही. माझं बोलणं त्यांना बरोबर कळते, पण नर्सबाईंनी तेच वाक्य जरा भरभर विचारलं की सगळे गप्प. म्हणून मला त्यांना वेगवेगळे आवाज ऐकवायचे आहेत, म्हातारीचा, कंडक्टरचा, त्यांच्याच वयाच्या पोरीचा, हळू बोलणारे, घाईत बोलणारे.

एकदा भाजीबाजारातला छोटा व्हिडिओ मिळाला तो आधी आवाज बंद करून लावला. बाई कोथिंबिरीची जुडी उचलते, गिऱ्हाईक मान हलवते, बाई जुडी परत खाली ठेवते. काय म्हणत असतील विचारलं तर आधी कोरकूत नुसता कल्ला, मग एकेक वाक्य मराठीत यायला लागलं. मग आवाज चालू केला, दोनतीनदा ऐकवला, आणि एरवी तोंड न उघडणारा पोट्टा गिऱ्हाईक बनून वर्गातल्या पोरीशी भाव करत उभा! हे मला रोज करायचं आहे हो.

आता अडचण. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलं तर ते अ‍ॅपमध्येच राहते, पेनड्राईव्हवर जात नाही, आणि मुदत संपली की पुन्हा नेट मागते. दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या अ‍ॅपमध्ये पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून धारणीतूनच उतरवून आणतो, ते नेटशिवाय चालते आणि धडा समजवायला चांगलं आहे, पण त्यात माणसं एकमेकांशी बोलतात असं कमी सापडते. इकडूनतिकडून मिळालेल्या फायलींचं तर विचारूच नका, कोणाचं चित्र दिसते आवाज नाही, कोणती टीव्ही उघडतच नाही. आणि रिमोटने एकच वाक्य मागे नेऊन ऐकवायला गेलं की भलतीकडेच उडी मारते, तोवर पोट्ट्यांचं लक्ष गेलेलं असते. शिवाय हे सगळं कायद्यात बसते का तेही नीट कळायला हवं, उद्या केंद्रातले (आजूबाजूच्या शाळांच्या गटातले) बाकी शिक्षक माझ्याकडून कॉपी करून नेतील.

प्रतिसाद १
सर, फाईल एमपी४ आणि आतला व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी (ही साठवण्याच्या प्रकारांची नावं) असा करून घ्या, हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्यात होते, बहुतेक टीव्ही ते घेतात. पेनड्राईव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, पण तुम्हाला तुकडेच लागतात म्हणजे प्रश्न नाही. त्यापेक्षा लॅपटॉप मिळत असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा आणि व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये लावा. त्यात ए-बी रिपीट आहे, वाक्याची सुरुवात आणि शेवट ठरवला की तेवढंच फिरत राहते. स्पीड ०.७५ करता येतो, फार खाली नेऊ नका, आवाज ओढल्यासारखा होतो. सबटायटलची एसआरटी फाईल व्हिडिओच्याच नावाने त्याच फोल्डरात ठेवली की आपोआप लागते, पहिल्यांदा बंद ठेवा, तिसऱ्या वेळी दाखवा.

प्रतिसाद २
कायद्याचं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(आय), शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट आहे. पण यूट्यूबच्या स्वतःच्या अटी वेगळ्या, त्यांच्या डाउनलोड बटणाशिवाय उतरवायला त्या मनाई करतात. त्यामुळे बाकी शाळांना वाटायचं असेल तर यूट्यूबवर शोधताना फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स (बनवणाऱ्याने वापरायची परवानगी आधीच दिलेले व्हिडिओ) निवडा आणि बनवणाऱ्याचं नाव सोबत द्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर मराठी गोष्टी खुल्या परवान्यात आहेत, त्या वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेऊन रेकॉर्ड करता येतात.

मूळ लेखक
दोघांचेही मनापासून आभार. ए-बी रिपीटचं मला माहीतच नव्हतं, नेमकं तेच पाहिजे होतं. लॅपटॉप केंद्रावरून मागून पाहतो. वाचून घेण्याची कल्पना आवडली, पण मला वाचलेलं कमी आणि बोललेलं जास्त लागेल. म्हणून आता एक विनंती: तुमच्यापैकी कोणी अकोला, यवतमाळ, वाशीमकडचं असेल आणि घरच्या मोठ्या माणसांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, मिनिटभराचं साधं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून देऊ शकत असेल तर द्या. पेरणी, लग्नाची तयारी, एसटी चुकली, काहीही चालेल. मोबाईल आडवा धरा आणि पंखा बंद ठेवा, आमच्या टीव्हीचा स्पीकर आधीच बारीक आहे.