टार्मॅक रॅलीत (डांबरी रस्त्यावरची कार रॅली) पहिल्यांदाच नॅव्हिगेटर, पेसनोट्स (वळणांची वहीतली टिपणं, ड्रायव्हरला वाचून दाखवायची) कशा वाचू?

मेलबर्नला असतो, आमच्या कार क्लबातला मित्र टार्मॅक रॅलीला उतरतोय आणि शेजारी मला बसवतोय. मान खाली घालून वाचलं की मळमळतं, काय करू?

उत्तर 1: वही मांडीवर नको रे, जरा वर धर म्हणजे रस्ता पण दिसतो. आणि दोन स्टेजमधल्या (स्टेज म्हणजे बंद रस्त्यावरचा वेगाचा टप्पा) रस्त्यावर ट्रॅफिकचे नियम असतातच, टाइम कंट्रोलला (वेळ नोंदवायची चौकी) उशीर झाला की पेनल्टी.

उत्तर 2: आम्ही टार्गा तस्मानिया केली होती, 1992 ला सुरू झालेली तस्मानिया बेटावरची रॅली ती, सेथाना स्टेजला नुसती वळणावर वळणं. 2021 ला त्याच रॅलीत अपघातात तिघं गेले, म्हणून कळकळीने सांगतो, ओला रस्ता नोट्समध्ये लाल पेनाने लिही आणि ओळ चुकली तर लगेच ओरडून सांग, अंदाजाने वाचू नकोस.

धन्यवाद दादा, आजच लाल पेन घेतो.