'एन्व्हायर्नमेंट'ला इथे 'पर्यावरण' म्हणावं का?

प्रश्न
इलेक्ट्रॉनिक कार्डांच्या बिघाडाचं भाकीत करणाऱ्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका मी कारखान्यातल्या नव्या मुलांसाठी लिहिते आहे. पहिल्याच स्क्रीनवर दोन रकाने आहेत, 'ऑपरेटिंग एन्व्हायर्नमेंट' आणि 'अँबियंट टेंपरेचर'. मी 'कार्यकारी पर्यावरण' आणि 'परिसराचे तापमान' असं लिहिलं. एका मुलाने विचारलं, "ताई, पर्यावरणात तापमान आलंच की. मग दुसरा रकाना कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. शब्द सुचवा.

प्रतिसाद
मुलाचं बरोबर आहे, शब्दच चुकला. 'पर्यावरण' म्हटलं की झाडं, नद्या, प्रदूषण आठवतं आणि 'वातावरण' म्हटलं की ऊन-पाऊस-उकाडा सगळं एकत्र येतं. इथला हिशेब मात्र एन्व्हायर्नमेंट आणि तापमान वेगळे धरतो. बिघाडाचं असं भाकीत करायच्या अमेरिकी लष्कराच्या मिल-हँडबुक-२१७एफ या पुस्तकात (१९९१) आयसीच्या, म्हणजे वेष्टनात बंद केलेल्या चिपच्या, सूत्रात तापमानाचा गुणक आतल्या चिपच्या बिघाडाच्या आकड्याला लागतो, एन्व्हायर्नमेंटचा गुणक बाहेरच्या वेष्टनाच्या आकड्याला, आणि मग दोन्हींची बेरीज होते. म्हणजे पहिल्या रकान्यात येतात ते हादरे, धक्के, दमट हवा, खारा वारा. मी सरळ 'वापराचं ठिकाण' लिहीन.

हँडबुकात अशी १४ ठिकाणं आहेत. जमिनीवरच्या निवांत जागेला, समजा प्रयोगशाळेला, आयसीसाठी गुणक ०.५. जमिनीवर पक्क्या बसवलेल्या यंत्राला २, म्हणजे चौपट. जहाजावर आडोशाला असेल तर ४, उघड्यावर ६. तोफेतून उडणाऱ्या गोळ्यातल्या आयसीला २२०! 'शेल्टर्ड'ला 'आश्रित' वगैरे लिहू नका. 'आडोसा' हा आपला शब्द तिथे चपखल बसतो.

मूळ लेखिका
'वापराचं ठिकाण' घेतलं. 'परिसराचे तापमान' चालेल का?

दुसरा प्रतिसाद
नको, त्याने आमच्याकडे प्रत्यक्ष घोटाळा झाला आहे. एका मुलाने तिथे वर्तमानपत्रातलं त्या गावचं तापमान भरलं, ४२. 'परिसर' वाचून त्याला गावच आठवलं, त्याला दोष कसा देणार? आम्ही पॅनेलचं, म्हणजे कार्डांच्या कपाटाचं, दार बंद ठेवून पॉवर सप्लायशेजारी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावला. तासाभराने आकडा ६१ वर स्थिरावला. दार उघडलं तर चेहऱ्यावर वाफारा आला.

हा फरक किरकोळ नाही. डिजिटल मॉस या प्रकारच्या चिपसाठी हँडबुक ०.३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सक्रियण ऊर्जा धरतं (तापमानाबरोबर बिघाड किती झपाट्याने वाढतो, ते या आकड्यावरून ठरतं). त्या हिशेबाने चिपच्या आतलं तापमान ६० वरून ८० झालं, की तापमानाचा गुणक दुप्पट होतो.

म्हणून मी 'भागालगतच्या हवेचं तापमान' म्हणतो, भाग म्हणजे कार्डावरचा आयसीसारखा सुटा भाग. लांब आहे, पण कुणाच्या लगत हा प्रश्न उरत नाही. नुसतं 'भोवतालचं' म्हटलं तर भोवताल कपाटाचा की भागाचा, हे पुन्हा मोघम राहतं.

पहिला प्रतिसाद, पुन्हा
'लगतच्या हवेचं' मलाही पटलं. फक्त वेष्टनाचं तापमान त्यात मिसळू देऊ नका, तो वेगळा आकडा आहे. तो ठाऊक नसेल तर हँडबुक ठिकाणानुसार ठरीव आकडा देतं, निवांत जागेला ३५ अंश, पक्क्या बसवलेल्या यंत्राला ४५. 'डिफॉल्ट'ला 'ठरीव'च लिहा, आणि शेजारी ठळक अक्षरांत, 'मोजलेला आकडा असेल तर हा खोडावा'.

मूळ लेखिका
लिहिलं. उद्या मुलांना आधी पॅनेलशी नेते, थर्मोकपल घेऊन. रकाने नंतर भरू.