क्लायंटचे पासवर्ड: आधी शेअरिंगचं बघा
पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डमागे कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर) निवडताना पासवर्ड क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवायचे की कीपाससारखी फाइल आपल्याच मशीनवर, यावरच सगळ्यांची गाडी अडकलीय, पण क्लायंटचे लॉगिन ठेवायचे असतील तर माझ्या मते पहिला प्रश्न शेअरिंगचा आहे. एकटेच काम करत असाल तर कीपासएक्ससी (कीपासच्याच प्रकारचं) मस्त, फुकट पण आहे, फक्त त्या फाइलचा बॅकअप दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. टीम असेल तर मात्र एकच फाइल चौघांनी उघडून सेव्ह करत बसणं म्हणजे डोक्याला ताप, तिथे बिटवर्डन किंवा वनपासवर्डसारखा क्लाउडवरचा मॅनेजर बरा, प्रत्येक क्लायंटचा कप्पा वेगळा करायचा आणि ज्याचं काम त्यालाच अ‍ॅक्सेस.

आणि शेअर करताना समोरच्याला पासवर्ड न दाखवता फक्त वापरू द्यायचं सेटिंग असतं ना, त्याच्यावर फार विसंबू नका, ऑटोफिल झालेला, म्हणजे मॅनेजरने आपोआप भरलेला, पासवर्ड ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून आरामात दिसतो, त्यामुळे कोणी टीम सोडली की नुसता अ‍ॅक्सेस काढून भागत नाही, पासवर्डच बदलायचे. कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

२०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरकडच्या ग्राहकांच्या व्हॉल्टचे (पासवर्डच्या तिजोऱ्यांचे) बॅकअप चोरीला गेले तेव्हा पासवर्ड एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारे) होते, पण साइटचे पत्ते उघडेच, म्हणजे कोणाचं खातं कुठेय ते चोराला आयतंच कळलं! म्हणून कुठलाही मॅनेजर घ्यायच्या आधी यूआरएल (साइटचे पत्ते) पण एन्क्रिप्ट होतात का बघा. मास्टर पासवर्ड लांबलचक, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक पुरावा, जसं मोबाइलवरचा कोड) चालू, हे तर आलंच.

बाकी जमेल तिथे क्लायंटलाच सांगा की आमच्यासाठी वेगळा युजर काढून द्या, त्यांचा मेन पासवर्ड आपल्याकडे हवाच कशाला?