‘कोल्हापुरात हाय सोसायटीच नाही’ म्हणणाऱ्यांना

मंगळवारपेठकर:
नागाळापार्ककर यांनी परवा लिहिलंय : “बारा वर्षं मुंबईत काढून परत आलो. तिथं शनिवारी एनसीपीए या कलाकेंद्रात कार्यक्रम, मग क्लबात जेवण, चार क्षेत्रांतली माणसं भेटायची. इथला श्रीमंतसुद्धा मिसळ खातो, रंकाळ्यावर चक्कर मारतो नि दहाला झोपतो. पैसा आहे, सोसायटी नाही.”

दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. गाण्याची संस्था असलेला आपला देवल क्लब १८८३ पासून आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती बघायला राजा आणि गवंडी एकाच मैदानात! ८ ऑगस्ट २०२४ ला, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह जळालं. मी रस्त्यावर उभा होतो. शेजारी एक म्हातारे बॅकस्टेजवाले होते, हातातली टोपी पिळत नुसते बघत होते. ही आमची सोसायटी.

आता तुमची सांगतो. पुतण्याचा साखरपुडा इथल्याच एका क्लबात होता. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पायात कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार. दारातल्या पोरानं अडवलं, “आजोबा, चप्पल चालत नाही.” कोल्हापुरात, कोल्हापुरी चालत नाही! शेवटी ड्रायव्हरचे बूट घालून ते आत गेले. एक नंबर मोठे होते. रात्रभर पाय ओढत चालले, पंगतीला नीट बसलेसुद्धा नाहीत.

नागाळापार्ककर:
चप्पलेचा विषय मी काढला नव्हता. वडिलांचं वाईट वाटलं, पण क्लब म्हटला की नियम आले. १९८८ मध्ये मुंबईतल्या एका क्लबानं चित्रकार एम. एफ. हुसेन यांनाही अनवाणी म्हणून आत घेतलं नव्हतं.

आणि केशवरावांचं नाव घेताय म्हणून सांगतो. १९२१ चं ‘संयुक्त मानापमान’ नाटक, बालगंधर्व आणि केशवराव एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी, कुठं झालं? मुंबईत. कारण पैसे मोजणारा प्रेक्षक तिथं होता. कलेला सधन रसिक लागतात, हे म्हणणं मी मागं घेणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या महाराजांवर आपण अजून किती दिवस जगायचं?

सुभाषनगरचा:
इथं आता बोलावंच लागतं. आमच्या घरात तीन पिढ्या चप्पल होते. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, हातानं शिवलेला तळ. २०१९ ला जीआय, म्हणजे ही चप्पल इथलीच असं सांगणारं सरकारी मानांकन, मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली, तेव्हा अख्खं कोल्हापूर पेटून उठलं. गावातल्या क्लबात ती चालत नाही म्हणून कोण पेटलं होतं?

पेठकर, तुम्हीपण ऐका. लग्नात नवरदेव फोटोपुरती घालतो आणि आल्या आल्या काढून ठेवतो. दुकानात येऊन आमच्याशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे पेठेतलेच असतात. पोरं हे काम शिकायला तयार नाहीत, माझा मुलगासुद्धा नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली:
सगळे पुरुष बोलताय म्हणून विचारते. खासबागेत राजा आणि गवंडी बसले, गवंड्याची बायको कुठं होती? तालमीच्या कट्ट्यावर मी कधी बसायचं? कॉलेजात असताना रात्री नऊला मैत्रिणीबरोबर चहाच्या गाड्यावर उभी राहिले, तर मी घरी पोचायच्या आत बाबांना फोन गेला होता. ‘सगळे एकमेकांना ओळखतात’ याचं तुम्हाला कौतुक, आम्हाला तो पहारा. आता महिन्यातून एकदा आम्ही चौघी त्याच क्लबात साडेदहापर्यंत बसतो. कोण वळून बघत नाही. मला तो क्लब पाहिजे.

मंगळवारपेठकर:
ताई, हे मान्य करावं लागतंय. आमच्या कट्ट्यावर बाई बसलेली मी बघितलेली नाही आणि आजवर ते खटकलंही नव्हतं.

पण चप्पलेचं सोडणार नाही. चेन्नईत वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना क्लबानं अडवलं, तर तमिळनाडूनं २०१४ मध्येच कायदा करून ती बंदी उठवली. आपल्याकडं एक ठरावसुद्धा नाही.

नागाळापार्ककर:
मी सोसायटीवर लिहिलं, तुम्ही चप्पलेवर कायदा मागताय! विषय कुठल्या कुठं नेलात.

असो. मी त्यातल्याच एका क्लबाचा सभासद आहे. म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याच्या बुटात आत नेणं चूकच. कोल्हापुरीला मुभा द्या म्हणून वार्षिक सभेत मांडतो. पण मूळ मुद्दा कायम : चांगला कार्यक्रम झाल्यावर कलाकारासोबत बसून बोलावं, अशी जागा या शहरात मला मिळत नाही. ती मला पाहिजे.

सुभाषनगरचा:
मांडा. काय झालं ते इथंच लिहा, वाट बघतो. पेठकर, तुमच्या वडिलांचा जोड कुणाच्या हातचा?

मंगळवारपेठकर:
तुमच्याच भागातला, नऊ वर्षांपूर्वीचा. अजून तोच घालतात. डाव्या चपलेचा अंगठा सैल झालाय. रविवारी घेऊन येतो, आणि घासाघीस करणार नाही.