भट्टीचं रेकॉर्डिंग चालू असताना पीसी मध्येच गोठतो, काय बदलू?

भट्टीकर_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. आसपासच्या फौंड्र्यांची कास्टिंग स्ट्रेस रिलीव्हिंगला (आतला ताण काढायला) येतात. भट्टी साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत सावकाश चढवायची, तिथं धरायची आणि मग दार बंद ठेवूनच उतरवायची. एका सायकलला रात्र जाते, वर दुसरा दिवस उजाडतो. सगळ्या झोनचे कंट्रोलर आरएस-४८५ च्या (डेटाच्या केबलच्या) एकाच लाइनवर आहेत, ती लाइन कन्व्हर्टरमधून पीसीच्या यूएसबीला. सॉफ्टवेअर दर सेकंदाला रीडिंग घेतं आणि ग्राफ काढतं.

पीसी मध्येच गोठतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. कधी तासाभरात, कधी लागोपाठ दोन-तीन बॅच सुरळीत जातात आणि आपण निर्धास्त झालो की पुन्हा तेच. भट्टी कंट्रोलरवर चालते, त्यामुळं माल बिघडत नाही. पण गिऱ्हाइकाला बॅचबरोबर पूर्ण ग्राफ लागतो. अर्धा ग्राफ दिसला की त्यांचा क्वालिटीवाला लॉट बाजूला काढतो आणि बिल अडकतं.

रॅम बदलून झाली, विंडोज नव्यानं टाकून झालं. दुकानदार आता मदरबोर्ड बदला म्हणतोय. आय-फाइव्ह, ८ जीबी, एसएसडी, विंडोज १०, साधा यूपीएस. नवीन पीसी घेऊ, इंडस्ट्रियल पीसी घेऊ, की पेपरलेस रेकॉर्डर (पीसीशिवाय स्वतःच ग्राफ नोंदवणारं यंत्र) लावू?

तांबडा_पांढरा

दादा, आधी खिशातला हात बाहेर काढू नका. गोठतो म्हणजे नक्की काय गोठतं ते सांगा. माउस हलतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डचा दिवा लागतो-विझतो का? त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून पिंग केलं तर उत्तर येतं का? दिवा लागत असेल तर विंडोज जिवंत आहे, सॉफ्टवेअर मेलंय. दिवाही मेला असेल तर गोष्ट खालच्या थरातली आहे.

आणि बटण दाबून बंद करण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा फोटो काढा. ते थांबलेलं असणार. तीच तुमची गोठण्याची वेळ, मिनिटासकट.

रात्रपाळी

सॉफ्टवेअर काळ्या कमांडच्या खिडकीत चालतं का? तसं असेल तर ऑपरेटर चुकून त्या खिडकीत क्लिक करतोय का बघा. क्विक एडिट चालू असलं की क्लिक केल्यावर मजकूर सिलेक्ट होतो आणि प्रोग्रॅम स्क्रीनवर लिहायला गेला की तिथंच अडकून बसतो. एंटर मारला की काही झालंच नाही असं पुढं चालू. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते बंद करता येतं. असल्या 'हँग'पायी लोकांनी अख्खी मशीन्स बदललेली बघितलीत.

सागरमाळ

आमच्या लॅबमध्ये फिल्मचा रेझिस्टन्स आठवडा-आठवडा मोजत ठेवतात, तिथला अनुभव. ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सगळे पॉइंट मेमरीत धरून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीबरोबर हँडल्सचा कॉलमही लावा आणि संध्याकाळी-सकाळी आकडा बघा. नुसता चढतच असेल तर चोर सापडला. ३२ बिटचा प्रोग्रॅम असेल तर त्याला साधारण २ जीबीच वापरता येते, मग तुमची रॅम कितीही असो. थेट एक्सेलमध्ये ओतत असाल तर तेही थांबवा. सेकंदाला एक ओळ म्हणजे दिवसाला ८६,४००, आणि शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते. साधी सीएसव्ही, तासाला नवीन फाइल, प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर. मग पीसी गोठला तरी तोवरचा डेटा हातात राहतो.

पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणं) आणि स्लीप, दोन्ही बंद आहेत ना?

भट्टीकर_शिरोली

सगळ्यांचे आभार. स्लीप आणि सस्पेंड दोन्ही बंदच होते. काळी खिडकी नाही. मेमरी बघितली, थोडी वर-खाली होते पण चढत नाही.

काल रात्री पुन्हा गोठला. माउस नाही, कॅप्स लॉकचा दिवा नाही, पिंगला उत्तर नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणेसमोर ४१ आणि ६००८ हे आकडे आहेत. दुकानदार म्हणतो ४१ म्हणजे पॉवर सप्लाय गेला.

तांबडा_पांढरा

४१ म्हणजे एवढंच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. तुम्ही बटण दाबून बंद केलं की ते येणारच. ६००८ चंही तेच. त्यावरून सप्लाय बदलायला सांगणं म्हणजे पंचनामा वाचून चोराचं नाव सांगणं. त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय आहे ते बघा. डिस्कचं १२९ किंवा १५३ दिसलं तर एसएसडी आणि तिची केबल. व्हिया-लॉगर (हार्डवेअरच्या दोषांची विंडोजची नोंद) दिसलं तर प्रोसेसर, रॅम, बोर्ड. काहीच नसेल तर मशीनला तक्रार लिहायलाही सवड मिळाली नाही.

भट्टीकर_शिरोली

आधी काहीच नाही. कोरं.

पण तुम्ही म्हणालात म्हणून जुन्या बॅचचे अर्धवट ग्राफ काढून बसलो. एक विचित्र गोष्ट दिसली. सगळे ग्राफ चढताना किंवा होल्डमध्ये तुटलेत. उतरताना एकही नाही. आणि उतरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पॅनेलवाला_उद्यमनगर

आता कसं बोललात! उतरताना हीटर बंद, म्हणजे कॉन्टॅक्टर (हीटरची वीज चालू-बंद करणारे मोठे स्विच) गप्प. चढताना आणि होल्डमध्ये ते खटाखट चालू-बंद होत असतात. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना जो व्होल्टेजचा फटका मारते तो तुमच्या पीसीपर्यंत पोचतोय.

वाट दोनपैकी एक. सप्लायमधून, किंवा डेटा केबलमधून. साधा ऑफलाइन यूपीएस लाइट असताना मेन्सच पुढं पाठवतो, त्याच्या भरवशावर राहू नका. पण माझा संशय केबलवर आहे. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये आयसोलेशन, म्हणजे दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडणारी सोय, नसतं. पॅनेलचं अर्थिंग एकीकडं, पीसीचं दुसरीकडं, आणि दोन्ही जोडली जातात तुमच्या यूएसबी केबलनं. मॉडबसच्या (कंट्रोलर आणि पीसी बोलतात त्या भाषेच्या) प्रत्येक फ्रेमला सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा आकडा, असतो, बिघडलेलं रीडिंग सॉफ्टवेअर टाकून देतं. बोर्डाच्या ग्राउंडवर आलेल्या फटक्याला कुणाचा सीआरसी लागू होणार?

तपासायचं असं: लॅपटॉप आणा, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, तोच कन्व्हर्टर लावा आणि भट्टी चढवा. नंतर तीन पिनचा चार्जर लावून तेच करा.

कोळशाची_पूड

पॅनेलवाल्यांशी सहमत, पण कॅबिनेट उघडून बघितलं का? फौंड्रीच्या ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते. ती हवेतनं येऊन बोर्डवर बसते, आणि पावसाळ्यात दमट झाली की करंट गळायला लागतो. मदरबोर्ड बदलायच्या आधी ब्लोअर मारा.

भट्टीकर_शिरोली

कॅबिनेट उघडलं. आत काजळी धरल्यासारखं होतं, पंख्याची पाती दिसत नव्हती. साफ केलं. त्यानंतरही गोठला, त्यामुळं निदान तेवढंच कारण नव्हतं.

लॅपटॉप बॅटरीवर होता तोवर चढ आणि होल्डचा बराचसा भाग काही न होता गेला. चार्जर लावला आणि थोड्या वेळात विंडोजचा 'टुडुंग' आवाज येऊन कॉम पोर्टच गायब झाला. कन्व्हर्टर काढून पुन्हा लावला तेव्हा दिसला. आवाज आला तेव्हा मी पॅनेलजवळच उभा होतो, मागं कॉन्टॅक्टर पडल्याचा आवाज त्याच क्षणी.

पॅनेलवाला_उद्यमनगर

झालं की मग. आता हे करा. आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या, पाकिटावर आयसोलेशन व्होल्टेज लिहिलेला. प्रत्येक कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (फटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) टाका. कॉइल एसी असेल तर डायोड चुकूनही लावू नका, तो डीसी कॉइलसाठी. डेटाची केबल ट्विस्टेड, शिल्डवाली. शिल्ड एकाच टोकाला अर्थ, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. आणि हीटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलेली असेल तर आजच वेगळी करा. पुढं कधी कॉन्टॅक्टर झिजले की त्या जागी झिरो क्रॉसिंगचे एसएसआर (हलत्या भागांशिवायचे इलेक्ट्रॉनिक स्विच) टाका, हीटसिंक मात्र दणकट.

सागरमाळ

मूळ प्रश्न राहिलाच. माझं मत, रेकॉर्डर घ्याच. तो पॅनेलवर बसतो, स्वतःच्या मेमरीत लिहितो, आणि गिऱ्हाइकाला द्यायचा ग्राफ त्याचाच. पीसी नुसता बघायला. इंडस्ट्रियल पीसीचा खर्च मात्र आता नको. त्याच कन्व्हर्टरवर तोही रडेल.

भट्टीकर_शिरोली

कन्व्हर्टर बदलला, स्नबर बसवले, केबल वेगळ्या पाइपमधून ओढली. तेव्हापासून ग्राफ तुटलेला नाही. रेकॉर्डरचं कोटेशन मागवलंय. एक शंका: परवा पहाटे पीसी गोठला नाही, पण आपोआप रिस्टार्ट झाला.

रात्रपाळी

तो अपडेट असणार. ॲक्टिव्ह अवर्स (ज्या वेळात विंडोज अपडेटसाठी आपोआप रिस्टार्ट होत नाही) जास्तीत जास्त १८ तासच देता येतात, तुमची सायकल त्याहून लांब. बॅच लावायच्या आधी अपडेट पॉज करा आणि दोन बॅचच्या मध्ये हातानं टाका. तसंही विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्या पीसीला नेटची गरज नसेल तर केबलच काढून ठेवा.